होडीच्या डब्यातलं ड्रिल: आधी बॅटरी निवडा, मग मशीन



पाऊस सरला की आपल्या खाड्यांमधल्या होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने कांदळवन सफर सुरू केली, आणि बायका होडीचा व्यवसाय करू शकतात हे सगळ्यांनी पाहिलं. वल्हं मारणं, पाहुण्यांना तिवर-चिपी ओळखून दाखवणं, लाईफ जॅकेट घालायला लावणं, हिशोब ठेवणं, हे सगळं आपण करतो. पण छताची पट्टी सुटली, बाकाचा स्क्रू निघाला किंवा जॅकेटच्या पेटीची बिजागरी मोडली, की लगेच फोन जातो मिस्त्रीला. तो बिचारा चार गावांत फिरत असतो. दोन दिवसांनी येतो. ते दोन दिवस नेमके शनिवार-रविवार निघाले, तर आलेलं बुकिंग परत करावं लागतं.

म्हणूनच मासिक सभांमध्ये हल्ली एक प्रश्न येतो: "गटासाठी बॅटरीवर चालणारं एक ड्रिल घेऊया का? आणि कुठलं घ्यायचं?" दुसरा प्रश्न जरा हळू आवाजात येतो: "ह्यां मशीन आमकां झेपतलां काय?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. झेपतं. शिलाई मशीन ज्या हाताने चालतं, त्या हाताला ड्रिल जड नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब आहे, कारण पैसा गटाचा आहे. दुकानदार दाखवेल ते सगळ्यात मोठं मशीन घ्यायचं नाही आणि जाहिरातीतलं सगळ्यात स्वस्तही घ्यायचं नाही.

आधी महिनाभर एक वही ठेवा

दुकानात जाण्याआधी एक काम करा. होडीच्या पेटीत एक छोटी वही ठेवा. महिनाभर काय सुटलं, काय मोडलं, काय घट्ट करावं लागलं आणि कशाने केलं, ते तारखेसह लिहा. महिन्याच्या शेवटी वही सभेत वाचा.

बहुतेक वह्यांमध्ये तीनच प्रकारची कामं सापडतील. पहिलं, स्क्रू घट्ट करणं किंवा काढणं: छत, बाक, कठडा, बिजागरी. दुसरं, लाकडात, फायबरमध्ये किंवा पातळ पत्र्यात लहान भोक पाडणं. तिसरं, गंजून अडकलेला एखादा स्क्रू किंवा खिळा कापून काढणं. पहिली दोन कामं एकच छोटं ड्रिल करतं. तिसरं काम वर्षातून एक-दोनदा येतं, त्याला हाताचं हॅक्सॉ पातं पुरतं.

वहीत इंजिनची कामं जास्त दिसली, तर ड्रिल घेऊन उपयोग नाही. तिथे पाने आणि माहीतगार मेकॅनिकच लागतो. वहीत महिनाभरात एकच ओळ आली, तर साधा स्क्रू-ड्रायव्हर पुरे. पैसे वाचले.

भिंत नाही, तर हॅमर कशाला?

दुकानात गेलात की दुकानदार बहुधा "हॅमर ड्रिल" पुढे करतो. "ताई, हे घ्या, सगळं होतं." हॅमर म्हणजे फिरता फिरता ठोके देणारं मशीन. ते काँक्रीट आणि विटांच्या भिंतीत भोक पाडायला असतं. होडीला भिंत नसते. त्या सोयीसाठी जास्त वजन आणि जास्त पैसे का द्यायचे?

आपल्याला हवं असतं "ड्रिल-ड्रायव्हर". त्यात या गोष्टी बघा:

- पुढचा जबडा (चक) १० मिलिमीटरपर्यंतचं बिट धरणारा असावा आणि हाताने आवळता यावा.
- गळ्याभोवती आकडे असलेली फिरती कडी असावी. तिला क्लच म्हणतात. ठरावीक जोर लागला की मशीन "कट्कट्" करून थांबतं, त्यामुळे स्क्रूचं डोकं झिजत नाही आणि लाकूड फाटत नाही. सुरुवात नेहमी छोट्या आकड्यापासून करायची.
- दोन वेग असावेत. १ म्हणजे हळू आणि जोरात, स्क्रूसाठी. २ म्हणजे वेगात, भोकासाठी.
- उलट-सुलट फिरवायचं बटण आणि पुढे छोटा दिवा असावा. छताखालच्या अंधारात दिव्याची किंमत कळते.

"इम्पॅक्ट ड्रायव्हर" नावाचं आणखी एक मशीन मिळतं. अडकलेला स्क्रू सोडवायला ते चांगलं, पण त्याला असा क्लच नसतो. नवख्या हाताने फायबरमध्ये स्क्रू आरपार आवळला जातो किंवा त्याचं डोकं तुटतं. पहिलं मशीन म्हणून ते घेऊ नका.

१२ की १८? व्होल्टचा हिशोब

बाजारात मुख्य दोन आकार आहेत, १२ व्होल्ट आणि १८ व्होल्ट. आत छोट्या छोट्या लिथियम सेल असतात, एकेक ३.६ व्होल्टची. तीन सेल म्हणजे १०.८, पूर्ण चार्ज झाल्यावर १२ च्या आसपास. म्हणून काही ठिकाणी १०.८ लिहितात, काही ठिकाणी १२. दोन्ही एकच. तसंच पाच सेल म्हणजे १८, आणि पूर्ण चार्जवर २० च्या पुढे. म्हणून "२० व्होल्ट मॅक्स" आणि "१८ व्होल्ट" यांत ताकदीचा फरक नाही, फक्त लिहायची पद्धत वेगळी.

हे माहीत असलं की फसवणूक ओळखता येते. हातात मावणाऱ्या, अगदी स्वस्त मशीनवर "४८ व्होल्ट", "८८ व्होल्ट" असं छापलेलं दिसलं, तर स्वतःला विचारा: एवढ्याशा डबीत इतक्या सेल मावतील तरी कशा? छापील आकडा खोटा असेल, तर बाकीच्या दाव्यांवरही विश्वास ठेवू नका.

दुसरा आकडा अँपिअर-अवर (एएच). व्होल्ट गुणिले एएच म्हणजे बॅटरीत साठलेली वीज. १०.८ गुणिले २ म्हणजे २१.६ वॉट-अवर. आपल्या हातातल्या ५००० एमएएचच्या मोबाईलमध्ये साधारण १९ वॉट-अवर असतात. म्हणजे छोट्या ड्रिलची बॅटरी मोबाईलपेक्षा जराशीच मोठी. एका युनिटमध्ये १००० वॉट-अवर असतात, तेव्हा चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया गेली तरी एका युनिटमध्ये ती चाळीसेक वेळा भरते. वीजबिलाची काळजी नको.

१८ व्होल्ट, ४ एएचची बॅटरी ७२ वॉट-अवरची, म्हणजे तिपटीहून जास्त. मग तीच का नको? वजनासाठी. छोटं १२ व्होल्टचं ड्रिल बॅटरीसकट साधारण एक किलोचं असतं, १८ व्होल्टचं दीड किलो किंवा त्याहून जास्त. डोलणाऱ्या होडीत एका हाताने दांडा धरून, दुसरा हात डोक्याच्या वर नेऊन छताचा स्क्रू आवळायचा असतो. तिथे तो अर्धा किलो मनगटाला कळतो. आवळायचा जोर न्यूटन-मीटरमध्ये लिहिलेला असतो. १२ व्होल्टच्या मशीनमध्ये तो साधारण ३० असतो. बाक, छत आणि कठड्याच्या स्क्रूंना एवढा पुरतो.

म्हणून माझं मत असं: फक्त होडीसाठी घेत असाल तर १२ व्होल्ट. त्याच मशीनवर होम-स्टेचं फर्निचर, मांडव किंवा जाडजूड लाकडाचं कामही करायचं असेल, तरच १८ चा विचार करा.

खरी खरेदी बॅटरीची असते

ही गोष्ट नीट लक्षात घ्या. बहुतेक कंपन्यांची बॅटरी बसायची खाच वेगळी असते. बॉशची बॅटरी मकिताच्या मशीनला बसत नाही, मकिताची डिवॉल्टला बसत नाही. एकाच कंपनीची १२ व्होल्टची बॅटरीही तिच्याच १८ व्होल्टच्या मशीनला बसत नाही. म्हणजे पहिलं मशीन निवडताना तुम्ही पुढच्या पाच-सात वर्षांची बॅटरीही निवडत असता. नंतर टॉर्च घ्याल किंवा कापायचं मल्टी-टूल घ्याल, तेव्हा तीच बॅटरी चालली पाहिजे. नाहीतर प्रत्येक मशीनला वेगळी बॅटरी आणि वेगळा चार्जर, असा पसारा होतो.

यासाठी मी एक सुचवते. एकाच खाडीत दोन-तीन गटांच्या होड्या असतील, तर ग्रामसंघाच्या सभेत बसून सगळ्यांनी एकाच कंपनीची, एकाच व्होल्टची बॅटरी ठरवा. मग एका गटाची बॅटरी उतरली तर शेजारच्या होडीवरून मागता येईल. चार्जर बिघडला तरी काम थांबणार नाही. मशीन कुणाचं कुठलंही असो, बॅटरी एक हवी. एकमेकींच्या घरी विरजण मागावं, तशी बॅटरी मागता आली पाहिजे.

कंपनी ठरवताना तीन गोष्टी विचारा. सर्व्हिस सेंटर सर्वांत जवळ कुठे आहे? सुटी बॅटरी आज दुकानात आहे का, आणि केवढ्याला? त्याच बॅटरीवर चालणारी आणखी कोणती मशीनं मिळतात? तीन दुकानांची लेखी कोटेशन घ्या. ऑनलाईन किंमत फारच कमी दिसली, तर "सोलो" किंवा "बेअर" हा शब्द शोधा. त्याचा अर्थ मशीन नुसतं येणार, बॅटरी आणि चार्जर वेगळे विकत घ्यायचे. आपल्याला दोन बॅटऱ्या, चार्जर आणि पेटी असा पूर्ण संच हवा. एक बॅटरी कामाला आणि दुसरी तयार.

थोडे जास्त पैसे द्यायचेच असतील, तर ते "ब्रशलेस" मोटरसाठी द्या. साध्या मोटरमध्ये कार्बनचे दोन तुकडे घासत राहतात, झिजतात आणि तिथे बारीक ठिणग्या उडतात. ब्रशलेसमध्ये ते घासणं नाही. त्याच बॅटरीवर काम जास्त होतं आणि झीज कमी होते.

खारी हवा हा खरा शत्रू

आपल्या होड्या उघड्या. त्यामुळे "होडीवर ठेवायचं मशीन" म्हणजे सकाळी डब्यातून चढणारं आणि संध्याकाळी घरी परतणारं मशीन. रात्रभर होडीत ठेवलं, तर खारं दव आतल्या तारांपर्यंत जातं.

रबरी कड असलेला, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. घरी आल्यावर आधी बॅटरी काढा. मशीन गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने. नळाखाली धरू नका. लोखंडी बिट तेलाच्या चिंधीत गुंडाळून ठेवा.

मशीनवर "आयपी ५४" असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ धूळ आणि उडणारे शिंतोडे चालतात. पाण्यात बुडालेलं चालत नाही. म्हणून काम करताना मशीनला मजबूत दोरी बांधून ती बाकाला अडकवा. हातातून निसटलं तर लोंबकळेल, खाडीत जाणार नाही.

आणि बॅटरी खाऱ्या पाण्यात पडलीच, तर ती वाळवून पुन्हा वापरायचा मोह टाळा. खारं पाणी आत शॉर्ट करतं आणि अशी बॅटरी काही तासांनीही पेट घेऊ शकते. ती चार्जिंगला लावायची नाही, घरात आणायची नाही. बाहेर, उघड्यावर, जळण आणि गवतापासून लांब ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.

चार्जिंग घरीच करा, कंपनीच्याच चार्जरवर, फरशीवर ठेवून, कुणीतरी जागं असताना. उन्हात तापलेली बॅटरी आधी थंड होऊ द्या. विजा कडकडायला लागल्या की चार्जर प्लगमधून काढा. पावसाळ्यात होडी बंद असते तेव्हा बॅटरी अर्धी भरलेली, म्हणजे चारपैकी दोन दिवे लागतील एवढी, मशीनपासून वेगळी आणि कोरड्या सावलीत ठेवा. दोन महिन्यांनी एकदा तपासा. पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी पुढच्या हंगामात उठेलच असं नाही.

हातात घेण्याआधी

मशीन छोटं असलं तरी फिरणारं आहे. हे नियम होडीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा:

- पदर खोचलेला किंवा ओढणी काढून ठेवलेली, केस बांधलेले, मंगळसूत्र आत. फिरत्या बिटजवळ सैल हातमोजे नकोत, ते गुंडाळले जातात.
- डोळ्यांवर चष्मा. फायबरमध्ये भोक पाडताना नाका-तोंडावर चांगला मास्कही हवा. ती धूळ फुप्फुसाला वाईट.
- बिट बदलताना बॅटरी काढलेली.
- होडी धक्क्याला किंवा किनाऱ्याला बांधलेली. पाहुणे होडीत असताना ड्रिल चालवायचं नाही.
- पेट्रोलची टाकी आधी उतरवायची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेटते. मोटर ब्रशलेस असली तरी हा नियम मोडायचा नाही.
- कापायचा ग्राइंडर होडीवर आणायचाच नाही. त्याच्या ठिणग्या लांब जातात, आणि त्यातले लोखंडाचे कण फायबरवर बसून गंजाचे डाग पाडतात.

फायबरमध्ये भोक पाडायची एक युक्ती. जागेवर आधी चिकटपट्टी लावा, ड्रिल काही क्षण उलटं फिरवून वरचा चकचकीत थर घासून घ्या, मग सुलट फिरवून भोक पाडा. वरच्या थराचे टवके उडत नाहीत. भोकात सीलंट भरूनच स्क्रू बसवा, नाहीतर पाणी आत मुरतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, आणि दुकानात "३१६" नंबर मागा. साधं ३०४ स्टीलही खाऱ्या हवेत डागाळतं. लोखंडी स्क्रू एका पावसाळ्यात गंजतो, आणि तोच पुढच्या वर्षी तुमचा सगळ्यात अडेल स्क्रू होतो.

जिथे आपण हात घालायचा नाही

पाण्याच्या रेषेखाली, होडीच्या अंगाला, भोक पाडायचं नाही. इंजिन ज्यावर बसतं तिथे फेरफार करायचा नाही. प्रवासी होडीची तपासणी आणि परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असतो, त्यामुळे बाक किंवा छताची मूळ रचना बदलायची असेल तरी आधी विचारून घ्या. सुटलेला स्क्रू आवळणं ही दुरुस्ती झाली. होडीचा आकार आणि वजन बदलणं ही वेगळी गोष्ट आहे, त्यात माणसांचा जीव असतो.

शिवाय ड्रिल आलं म्हणून हाताची अवजारं घरी ठेवू नका. स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, पाने, प्लगपाना, हॅक्सॉ पातं, धारदार सुरी, दोरी आणि पाणी उपसायचं भांडं होडीत असलंच पाहिजे. बॅटरी उतरली तर होडी परत आणायची आहे ती याच सामानावर.

गटाचं मशीन, गटाचे नियम

घ्यायचं ठरलं तर ठराव इतिवृत्तात लिहा. बिल आणि वॉरंटी कार्ड गटाच्या नावावर घ्या, त्याचा फोटो दोघींच्या मोबाईलमध्ये ठेवा. मशीन कुणाच्या घरी राहील, चार्जिंग कोण करेल, होडीवर कोण नेईल, हे नावानिशी ठरवा. कोणी उसनं नेलं तर वहीत सही घ्या. गावात भाड्याने द्यायचं असेल तर दर सभेत ठरवा, आणि ते पैसे नवीन बॅटरीसाठी बाजूला ठेवा. बॅटरी कधीतरी संपणारच आहे, मशीन त्यापेक्षा जास्त टिकतं.

आणि एक आग्रहाची विनंती. मशीन चालवायला किमान दोघी शिका, आणि त्यातली एक तरी अशी असू दे जिने आजवर कधी हातोडीही धरली नाही. जुन्या फळीवर पंचवीस भोकं पाडा, पंचवीस स्क्रू बसवा आणि काढा. एका दुपारचं काम आहे. घरातल्या एखाद्या दादाने "आण, मी करतो" म्हटलं, तर त्यांना फळी धरायला सांगा.

पुढच्या मासिक सभेत विषयपत्रिकेत एवढंच घाला: दुरुस्तीची वही कोण ठेवणार? तिचं नाव लिहा आणि त्या दिवसापासून सुरू करा. महिन्याने वही घेऊन बसलात की कोणतं मशीन घ्यायचं, किंवा घ्यायचंच नाही, हे तुम्हीच ठरवाल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक